आहेराची टोपी आणि इन्स्पेक्टर रायबागकर

वहिनी लग्न होऊन आमच्या उदगीरच्या घरात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली खून होते. वर लग्नातली पातळं, त्याखाली पोलक्यांचा गठ्ठा, त्याखाली एक जुनी चादर, आणि चादरीखाली हाताच्या पंजाएवढी पिवळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं, प्रत्येकावर पिस्तूल नाहीतर पालथी पडलेली बाई. मी तेव्हा नववीत होते. नवी वहिनी म्हणजे आपल्या मालकीची वस्तू असं मला वाटायचं, त्यामुळं तिची ट्रंक लावायला मीच पुढं होते. तिनं घाईनं झाकण लोटलं आणि म्हणाली, "नंदाताई, कुणाला सांगू नका हं. बाबांनी घेऊन दिलीत." तिचे वडील हदगावचे. कापूस घालायला नांदेडला गेले की बसस्टँडवरच्या स्टॉलातून लेकीसाठी एक पुस्तक आणायचे, आणि परतीच्या गाडीत आधी स्वतः वाचून काढायचे. असा बाप मी तोवर ऐकलाही नव्हता. आमच्याकडं बाप म्हणजे दुकानातून आला की ज्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि बाजूला व्हायचं तो.

ती सगळी पुस्तकं एकाच माणसाची होती. इन्स्पेक्टर रायबागकर, मुंबईचा. त्याच्या आजोबांच्या कापडगिरण्या, समुद्राकाठी बंगला, दारात लांबलचक गाडी, जेवायला खानसामा. आणि एवढं असून हा पोलिसात. पगार घ्यायला विसरायचा, साहेबानं आठवण करून दिली तर कॉन्स्टेबलच्या पोरांना वाटून टाकायचा. खून बहुतेक त्याच्याच ओळखीपाळखीच्या बड्या घरांत व्हायचे. बाकीचे पोलीस तिथं गेले की मालकाच्या झुंबराला भिऊन पहिल्यांदा मोलकरणीचं गाठोडं सोडायला लावायचे. रायबागकर झुंबरं बघतच मोठा झालेला, त्याला कशाचं कौतुक नाही. तो यायचा, खुर्चीत बसायचा, चहा मागायचा आणि म्हणायचा, "मोठ्या घरातली वस्तू सहसा चोरीला जात नाही. ती जागा बदलते. माणसाच्या मागं लागू नका, वस्तूच्या मागं लागा." प्रत्येक पुस्तकात हे वाक्य एकदा तरी यायचंच, आणि ते आलं की वहिनीचा आवाज जरा चढायचा.

आमचं घर मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून होतं. सकाळपासून हमालांच्या हाळ्या, पोती टाकल्याचा धप्प आवाज, चाळण्यांची खसखस, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तुरीच्या भुश्श्याचा पातळ थर. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, आडतीचं दुकान समोरच. सकाळी न्याहारीला सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, नाहीतर धपाटे आणि शेंगाची चटणी, दुपारी कडक भाकरी आणि अंबाडीची भाजी, सणाला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. जेवणं आटोपली की अव्वा, आमची आई, पोत्यावर सुपं घेऊन धान्य निवडायला बसायची. वहिनी आल्यावर दोन महिन्यांतच ती पुस्तकं अव्वाला सापडली. मी दारामागं श्वास रोखून उभी. अव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं ती पालथी पडलेली बाई बराच वेळ बघितली आणि विचारलं, "हिला कुणी मारलं गं?" वहिनीनं खाली मान घालून सांगितलं, "शेवटी कळतं." अव्वा म्हणाली, "मग वाच की. हात निवडलालेत, कान रिकामेच हायेत."

असं सुरू झालं. रोज दुपारी वहिनी वाचायची, आम्ही निवडायचो. वहिनीची भाषा हदगावकडची, "तो काय करून राहिला" असं बोलायची, आणि वाचतानाही मधेच रायबागकर "येऊन राहिला" व्हायचा. मी हसायचे. ती म्हणायची, "हसा, हसा. तुमचं करलालाय न जालालाय काय कमी हाय का?" अव्वाला खुनापेक्षा रायबागकराच्या संसाराची चिंता. "येवढ्या बंगल्यात एकटा माणूस. त्याला बायको का न्हाई म्हणावं? भाकरी कोण करून देतंय?" वहिनी सांगायची, "खानसामा हाय ना अव्वा." अव्वा म्हणायची, "खानसाम्याच्या हातची भाकरी खाऊन डोकं कसं चालतंय त्याचं." बाहेर बैठकीत अप्पा लोडाला टेकून डोळे मिटून पडलेले असायचे. ते झोपतात असा घरात समज होता. एकदा पुस्तक संपलं, सूप बाजूला ठेवलं, आणि बैठकीतून आवाज आला, "येवढा पैसा असून नोकरी करलालाय म्हणजे डोकं फिरलेलं हाय त्याचं." आम्ही तिघी तोंडाला पदर लावून हसलो. त्यानंतर वहिनी जरा मोठ्यानं वाचायला लागली आणि अप्पांचं घोरणं कायमचं बंद झालं.

माझं वाचन तिथून सुरू झालं हे मी पुढं तीस वर्षं वर्गात पोरींना सांगत आले. लातूरच्या शाळेत मी मराठी शिकवलं, मोठमोठ्या लेखकांचे धडे शिकवले, पण पान उलटायची घाई काय असते ते मला पिवळ्या पुठ्ठ्यानं शिकवलं. शाळेत हे सांगितलं की बाकीच्या शिक्षिका नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या.

आता अंगठीचं. अप्पांच्या हातात त्यांच्या वडिलांची सोन्याची अंगठी होती, पुष्कराजाची. आमच्या मोंढ्यात तेव्हा मोठे सौदे टॉवेलाखाली व्हायचे. दोघं व्यापारी समोरासमोर बसणार, हातांवर टॉवेल टाकणार, आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार. बघणाऱ्याला कळायला नको म्हणून. बोटात अंगठी असली की दाब चुकतो, समोरच्याला एकाचे दोन वाटतात, म्हणून सौद्याच्या आधी अप्पा अंगठी काढून डोक्यावरच्या टोपीच्या घडीत खोचायचे. सौदा झाला की परत बोटात. घरी आले की इष्टलिंगाच्या पूजेला बसताना अंगठी काढून कोनाड्यात ठेवायचे. थंडीत बोटं सुकली की ती सैल व्हायची, मग दोन-दोन दिवस कोनाड्यातच राहायची. त्यामुळं ती नेमकी कधी गेली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गेली एवढं कळलं. कोनाडा रिकामा होता, आणि कोनाडा रोज पुसायचं काम वहिनीचं होतं.

त्यात आणखी एक जुळून आलं. वहिनीचा पहिला संक्रांत सण म्हणून तिचे वडील, ज्यांना मी मामा म्हणायचे, वाण घेऊन आले होते. ते सकाळच्या गाडीनं हदगावला गेले आणि त्याच दुपारी अंगठी नाही म्हणून कळलं. देवघर धुतलं, धान्य चाळलं, न्हाणीच्या मोरीत हात घालून झाले. कुणी वहिनीला एक शब्द बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली खिळ्यावर नव्हती, अव्वाच्या कंबरेला होती. माझ्या उभ्या आयुष्यात ती किल्ली खिळ्यावर होती. अण्णा, माझा भाऊ, वहिनीचा नवरा, तोंडाला कुलूप लावून दुकानात बसायचा. दुपारचं वाचन थांबलं. एका गिरणीमालकाच्या ड्रायव्हरवर खुनाचा आळ आला होता, पुस्तक निम्म्यावर होतं, आणि वहिनीनं ते चादरीखाली ठेवून दिलं.

मग पंधरा दिवसांनी लातूरहून आत्या आली. अप्पांची थोरली बहीण, मायाळू बाई, पण मनात आलं ते ओठावर. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "चोरा-खुन्यांची पुस्तकं वाचती. वाचून वाचून माणसाला कायबी सुचंल. आन बाप आला, गेला, आन अंगठी गेली. मी कुणाचं नाव घेत न्हाई." वाढता वाढता वहिनीच्या हातातली पळी थांबली. अप्पांनी ताटातली भाकरी मोडली. आत्याच पुढं म्हणाली, "तिला चार दिवस माहेरी धाडा. मनं थंड होऊ द्या." आमच्याकडं या चार दिवसांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. आमच्याच गल्लीतली एक सून चार दिवस माहेरी गेली होती, तिचं पोरगं तिकडंच शाळेत जायला लागलं होतं. आत्या दुसऱ्या दिवशी लातूरला परत गेली आणि येत्या सोमवारी वहिनीनं हदगावला जायचं असं ठरलं.

रविवारी दुपारी वहिनी ट्रंक भरत होती. मी तिच्यासमोर बसून रडत होते, तीच मला गप्प करत होती. मी म्हणाले, "वहिनी, रायबागकर असता तर?" ती म्हणाली, "पुस्तकातलं पुस्तकात ठेवा नंदाताई. आपल्याकडं गाडी न्हाई न खानसामा न्हाई." मी म्हणाले, "पण त्यानं काय विचारलं असतं?" ती घडी घालता घालता थांबली. मला आजही ती तशीच दिसते, मांडीवर अर्धी घडी केलेलं हिरवं पातळ. म्हणाली, "कुणी घेतली असं त्यानं विचारलंच नसतं. शेवटची हातातून कधी काढली, न कशासाठी काढली, ते विचारलं असतं." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "पण अप्पांना कोण विचारील?"

मी विचारलं. कसं ते मला अजून कळलेलं नाही. अप्पा ओसरीवर पान लावत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, अंगठी बोटातून शेवटी कधी काढली?" अप्पांनी मान वर केली. "कोनाड्यात ठेवली म्हणलं न्हाई का." मी म्हणाले, "ठेवली ते न्हाई. काढली कधी? हदगावचे मामा आले त्याच्या आदल्या दिवशी टॉवेलाखाली सौदा झाला होता का?" अप्पा आठवायला लागले. "झाला की. त्या नव्या दुकानाच्या मुहूर्ताला गेलतो. तिथंच तुरीचा सौदा झाला." "मग तेव्हा अंगठी कुठं ठेवली?" "टोपीत. आणखी कुठं ठिवतंय माणूस." "कोणत्या टोपीत?" अप्पांचा हात डोक्यावरच्या टोपीकडं गेला आणि तिथंच राहिला. मुहूर्त म्हटला की आहेर आला. दुकानवाल्यानं मान म्हणून अप्पांच्या डोक्यावर नवी टोपी चढवली होती, खांद्यावर नवा टॉवेल टाकला होता. त्या भरात सौदा झाला तो नव्या टॉवेलाखाली, आणि अंगठी गेली ती नव्या टोपीच्या घडीत. नवी टोपी कपाळाला आवळत होती म्हणून सौदा झाल्या झाल्या अप्पांनी ती काढली, टॉवेलात गुंडाळली, आपली जुनी डोक्यावर घातली आणि घरी आले.

"अव्वे," अप्पांनी हाक मारली. ते तिला अव्वाच म्हणायचे, आमच्यासारखंच. "त्या मुहूर्ताची टोपी-टॉवेल कुठं हाय?" अव्वा दारात येऊन उभी राहिली. जे बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगते, आमच्या भागात टोपी-टॉवेल हा वापरायचा आहेर नसतोच. ती टोपी कुणाच्याच डोक्याला बसत नाही. ती टॉवेलाच्या घडीत पेटीत जाते आणि पुढचा पाहुणा आला की जशीच्या तशी त्याच्या हातात पडते. सगळं गाव हे करतं आणि सगळं गाव हे लपवतं. फक्त व्याह्याला मात्र असा फिरता आहेर करायचा नाही, त्याला नवाच आणायचा, नाहीतर तो अपमान. आणि वहिनीचे वडील अवचित आले होते. अव्वा पदराशी चाळा करत म्हणाली, "व्याह्यांला दिली. दुकान बंद होतं त्या वक्ताला. टोपीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती."

मला वाटलं, सुटलो. मी वहिनीकडं बघितलं तर तिचा चेहरा उतरला होता. तिच्या ध्यानात आधी आलं. अंगठी खरंच हदगावला गेली होती, तिच्या बापाच्या हातानं, आणि आत्या नेमकं तेच म्हणत होती. ती तिथं सापडली तर वहिनी चोर, नाही सापडली तरी वहिनी चोर. अप्पांनी पानाचा डबा बंद केला. म्हणाले, "सूनबाई, सकाळी ट्रंक घे. मी येतो तुझ्यासंगं." वहिनीनं विचारलं, "नंदाताईंना घेऊ का?" अप्पांनी मान डोलावली. ते वहिनीला सोडायला निघालेत की परत आणायला, हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

उदगीरहून नांदेड, नांदेडहून हदगाव. ट्रंक गाडीच्या टपावर. वहिनीनं वाटेत पाणीसुद्धा घेतलं नाही. हदगावला तिचे वडील दारातच भेटले, व्याही अचानक आलेला बघून त्यांची तारांबळ उडाली. चहा झाला. अप्पांनी सरळ विषय काढला, "संक्रांतीला आमच्याकडून टोपी-टॉवेल दिलं होतं, ते जरा बघायचं होतं." मामा आत गेले. बराच वेळ पेटी उघडल्याचा, झाकल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले ते हातात टोपी-टॉवेल घेऊन. अप्पांनी टोपीची घडी उघडली, काही नाही. टॉवेलाचा काठ बघितला. आमच्या टॉवेलाचा काठ लाल होता, हा निळा. मामा म्हणाले, "हाच तो." अप्पा म्हणाले, "हा न्हाई." मामांच्या कपाळावर थंडीत घाम. कारण आमचाच आहेर आपण पुढं कुणाला तरी दिला हे व्याह्याच्या तोंडावर कबूल कसं करायचं? दोघंही मोठी माणसं, दोघंही जागचे हलेनात. वहिनी दाराची चौकट धरून उभी, आणि मला कळत होतं की आता एक चुकीचा शब्द गेला तर ती या घरातून परत येणार नाही.

मग अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी अप्पांना बाहेरच्या माणसासमोर बोडकं बघितलं ते त्या एकदाच. म्हणाले, "व्याही, लपवण्यात मजा न्हाई. तो आहेर आम्हीबी इकत घेतलेला नव्हता. मला एका मुहूर्ताला मिळालेला, तोच तुम्हाला चिकटवला. चूक आमची. त्या टोपीत माझ्या बापाची अंगठी राहिली, आन तिच्यापायी तुमच्या लेकीवर आळ आलाय. तुम्ही ती कुणाला दिली तेवढं सांगा." मामा क्षणभर अप्पांकडं बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आतून मामींचं आलं, आणि मग अप्पाही हसले. मामा डोळे पुसत म्हणाले, "पण टोपीपर्यंत तुम्ही पोचले कसे?" अप्पांनी माझ्याकडं अंगठा केला. "हिनं मला शेवटी कधी काढली म्हणून इचारलं." मामा ताडकन उभे राहिले. "हे तर रायबागकर करून राहिली पोरगी." एवढं मानाचं बिरुद मला नंतर कुणी दिलं नाही, निवृत्तीच्या सत्कारात सुद्धा नाही.

टोपी-टॉवेल मामांनी नांदेडच्या शेटेकाकांना दिलं होतं. शेटेकाकांनीच हे लग्न जुळवलेलं, ते हदगावला आले तेव्हा रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून. अप्पा म्हणाले, "चला." वहिनीची ट्रंक मामांच्या ओसरीवर उतरवलेली होती. अप्पांनी ती स्वतः उचलली आणि बाहेर काढली. तेव्हा वहिनी पहिल्यांदा रडली. तिच्या आईनं आम्हाला वाटेत खायला तिळाच्या पोळ्या दिल्या, आणि बसस्टँडपर्यंत मामा येसर आमटीचा आग्रह करत आले, आता जेवूनच जा म्हणून.

नांदेडला शेटेकाकांनी फार आढेवेढे घेतले नाहीत, कारण अप्पांनी आल्या आल्या तीच गोष्ट स्वतःपासून सांगितली. आता तर त्यांना ती सांगायची गोडी लागली होती. काका म्हणाले, "ती टोपी तर मी गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाला दिली. डोळे दाखवायला आलता नांदेडला." अप्पांनी डोळे मिटले. काकांचा मावसभाऊ म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, लातूरचे आतोबा. ज्या वाटेनं सोयरीक आली होती त्याच वाटेनं टोपी परत गेली होती. गाडीत बसल्यावर बराच वेळ अप्पा खिडकीबाहेर बघत होते. चाकूर गेलं तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. ते हसत होते.

आत्यानं दार उघडलं आणि अप्पांमागं वहिनी बघून तिच्या कपाळाला आठी पडली. अप्पा आत जाऊन बसले आणि म्हणाले, "अक्का, आधी चहा टाक." वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मी वहिनीकडं. चहा पिऊन झाल्यावर अप्पा म्हणाले, "दाजी नांदेडहून आले तेव्हा टोपी-टॉवेल मिळालं होतं ना? ते आण." आत्या म्हणाली, "ते कशाला? पेटीत हाय. पुढच्या महिन्यात लगीन हाय एक, तिथं..." आणि तिनं जीभ चावली. पेटी तिनं स्वतः उघडली. लाल काठाचा टॉवेल, त्यात टोपी, घडी न मोडलेली. अप्पा म्हणाले, "तूच उघड." आत्यानं टोपीची कडक घडी बोटांनी फाकवली आणि अंगठी तिच्याच मांडीवर पडली.

आत्यानं ती उचलून पदरानं पुसली. मग उठली आणि अंगठी अप्पांना न देता वहिनीच्या तळहातावर ठेवली. "माझ्याच पेटीत होती गं," म्हणाली, "आन मी तुला बोलले. माझ्या तोंडाला आग लागो." वहिनीनं तिचे हात धरले. म्हणाली, "आत्या, असं बोलू नका. पुस्तकात असंच असतं. शेवटी सगळ्यांना चहा मिळतो." आत्याला काही कळलं नाही, पण ती हसली. त्या रात्री तिनं हुग्गी केली, तुपाची धार धरून, आणि पहिलं ताट वहिनीला वाढलं. भाऊ बसलेला असताना सुनेला पहिलं ताट! आत्यानं तेवढं केलं, आणि पुढं माझ्या शिक्षणाच्या वेळी पोरीला लातूरला ठेवायला कुणी तयार नव्हतं तेव्हा तिनंच मला घरात घेतलं. वहिनीच तिच्याकडं शब्द टाकायला गेली होती. मी शिकले ती या दोन बायांमुळं, आणि त्यांचं जमलं ते एका टोपीमुळं. माणसाचं नशीब कुठल्या घडीत खोचलेलं असतं कुणास ठाऊक.

वहिनी आता नांदेडला लेकाकडं असते. मोतीबिंदू काढल्यावरही डोळ्यांत फारसं काही राहिलं नाही. मी दर आठवड्याला फोन लावते आणि वाचून दाखवते. पिवळी पुस्तकं आता इतकी कडक झालीत की पान उलटलं की कोपरा हातात येतो. ती तिकडून म्हणते, "जरा हळू नंदाताई, खानसामा काय बोलला ते ऐकूच आलं न्हाई." खुनी कोण ते आम्हा दोघींना पाठ आहे. आमच्या घराण्यात अजून कुणाला टोपीचा आहेर मिळाला की तो देणाऱ्याच्या समोरच टोपी उघडून बघतो. लोकांना तो उद्धटपणा वाटतो.

तर, आत्याकडच्या त्या हुग्गीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही उदगीरला पोचलो. अण्णा दुकानातून धावत आला आणि त्यानं टांग्यातून ट्रंक उतरवली. अव्वानं वहिनीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि कंबरेची किल्ली काढून परत खिळ्याला लावली. अप्पा बैठकीत लोडाला टेकून बसले. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "सूनबाई, ती पुस्तकं आण हिकडं." वहिनी घाबरत ट्रंकेतून पुस्तकं घेऊन दारात आली. बैठकीत अप्पांचं एक फडताळ होतं, त्यात त्यांच्या पोथ्या असायच्या, त्याला हात लावायची आमची टाप नव्हती. अप्पांनी उठून पोथ्या एका बाजूला सरकवल्या आणि पिवळी पुस्तकं एकेक करून त्यांच्या शेजारी उभी केली. शेवटचं एक हातात ठेवलं. निम्म्यावर खूण घातलेलं.

"ह्यातल्या त्या ड्रायव्हरचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "सुटला का?"

वहिनीनं पदर सावरला. "सुटतो, अप्पा."

अप्पांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "मग बस हितंच. मोठ्यानं वाच," म्हणाले, आणि लोडाला टेकले. त्या दुपारी त्यांनी डोळे मिटले नाहीत.